पुढे पाठवलं म्हणजे मत मांडलं का?

मंडळी, आम्हा सत्तरी ओलांडलेल्यांना हल्ली एक नवी पदवी मिळाली आहे, ‘व्हॉट्सअॅप विद्यापीठाचे पदवीधर’! पुणे विद्यापीठाची बी.ए. पदरात पडायला चार वर्षं घासावी लागली होती, ही घरबसल्या मिळाली. भाचे, पुतणे, नातवंडं, टीव्हीवरचे विनोदवीर, सगळे मिळून आमची टर उडवतात. सकाळी फुलांचं चित्र आणि शुभ प्रभात, दुपारी हळदीचे गुण, आणि संध्याकाळी देशाचं राजकारण... तेही दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं आणि आम्ही नुसतं पुढे ढकललेलं. असं आमचं वर्णन असतं.

वर्णन अगदीच खोटं नाही. पण त्यावरून जो निष्कर्ष काढतात, की म्हाताऱ्या माणसांनी राजकारणावर बोलूच नये, देवाधर्माचं आणि नातवंडांचं बघावं, तो मला मुळीच मान्य नाही. आणि आमच्या पिढीने पुढे पाठवण्यालाच मत मांडणं समजावं, हेही मान्य नाही. तेव्हा आज दोन्ही बाजूंशी थोडं बोलून घेते. शिक्षिकेची सवय आहे, समोर वर्ग नसला तरी तास घेतल्याशिवाय राहवत नाही. चालवून घ्या.

आधी आरोपाची शहानिशा. अमेरिकेत २०१६ साली अध्यक्षपदाची निवडणूक झाली. त्या काळात फेसबुकवर खोट्या बातम्यांच्या साइटवरचा मजकूर कुणी किती पसरवला, याचा तिथल्या संशोधकांनी अभ्यास केला आणि जानेवारी २०१९ मध्ये ‘सायन्स अॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात तो छापून आला. ६५ च्या पुढच्या लोकांनी अगदी तरुण गटाच्या जवळजवळ सातपट असा मजकूर पसरवला, असं त्यात निघालं. हे सातपट सगळीकडे गाजलं. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा कुणी सांगत नाही. असा मजकूर एकदा तरी पुढे पाठवणारे लोक ६५ च्या पुढच्या गटात शेकडा ११ होते आणि १८ ते २९ च्या गटात शेकडा ३. म्हणजे शंभर म्हाताऱ्यांपैकी ८९ जणांनी असलं काहीही केलेलं नव्हतं! थोडे लोक पुष्कळ पाठवतात आणि बदनामी सगळ्यांच्या पांढऱ्या केसांची होते. वर्गात चारजण गोंधळ घालतात आणि शिक्षा अख्ख्या वर्गाला होते, त्यातलाच हा प्रकार.

आणि अफवा काही मोबाइलबरोबर जन्माला आलेल्या नाहीत. मार्च १९७९ मधला तो दिवस माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. जयप्रकाश नारायण मुंबईत जसलोक रुग्णालयात होते. ते गेले, असं खुद्द पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत सांगितलं, श्रद्धांजली वाहिली गेली, बातमी देशभर गेली, शाळा आणि दुकानं बंद झाली. आणि जयप्रकाशजी जिवंत होते! ते गेले ८ ऑक्टोबरला, साडेसहा महिन्यांनी. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून देवळांसमोर रांगा लागल्या, तेव्हा त्या रांगेत काय नुसते म्हातारेच होते? कॉलेजची पोरंही चमचे घेऊन उभी होती. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नोटेत ठावठिकाणा सांगणारी चिप आहे, ही थाप तर टीव्हीच्या वाहिन्यांनीही चालवली होती.

तेव्हा भाबडेपणा ही काही वयाची मक्तेदारी नाही. पण मग आमच्या वयाची माणसं एवढं पुढे का पाठवतात? मी माझ्या आसपास पाहते तेव्हा मला तीन कारणं दिसतात.

पहिलं म्हणजे छापील अक्षरावरचा विश्वास. आम्ही वाढलो त्या काळी एखादी गोष्ट छापून यायची म्हणजे ती निदान चार हातांखालून गेलेली असायची. लिहिणारा, तपासणारा, जुळारी, संपादक. चूक व्हायचीच, पण दुसऱ्या दिवशी खुलासाही यायचा. ‘छापून आलंय’ हा आमच्याकडे पुरावा होता. आता मोबाइलवरही सुबक छापील अक्षरंच दिसतात, पण मागे चार हात नाहीत, हे डोळ्यांना समजत नाही.

दुसरं कारण म्हणजे पाठवणाऱ्यावरचा विश्वास. ‘अहो, जोशीकाकांनी पाठवलंय, ते कशाला खोटं पाठवतील?’ जोशीकाका अत्यंत सज्जन, यात वाद नाही. पण जोशीकाकांना ते ज्यांनी पाठवलं त्यांना आपण ओळखत नाही, आणि जोशीकाकाही ओळखत नाहीत. माणसाची पत आपण मजकुराला चिकटवतो.

तिसरं कारण जरा नाजूक आहे. निवृत्तीनंतर माणसाला कुणी काही विचारत नाही. चाळीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला घरात कुणी ‘तुमचं काय मत?’ असं विचारत नाही, फार तर ‘चहा घेणार का?’ विचारतात. अशा वेळी पाठवलेल्या एखाद्या मजकुराखाली आठ-दहा अंगठे आले की आपण अजून समाजात आहोत असं वाटतं. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. शिवाय मोबाइलवर मराठी टाइप करणं आमच्या बोटांना जड जातं. स्वतःच्या चार ओळी लिहायला अर्धा तास लागतो, आणि दुसऱ्याच्या चाळीस ओळी पाठवायला एक टिचकी.

इथेच खरी गोम आहे. कारण आमची पिढी मुळात लिहिणारी होती हो! लोकसत्तेचं ‘लोकमानस’, नाशिकच्या ‘गावकरी’तली वाचकांची पत्रं, यांत कोण लिहायचं? मास्तर, कारकून, पोस्टमन, ग्रंथपाल, एखादी गृहिणी. एस.टी.च्या वेळापत्रकापासून ते घटनादुरुस्तीपर्यंत लिहायचे. पत्र पाठवताना खाली संपूर्ण नाव-पत्ता लिहावा लागे, आणि छापताना नाव आणि गाव छापलं जाई. पत्र आलं की दुसऱ्या दिवशी स्टँडवर कुणीतरी गाठायचं, ‘बाई, तुम्ही लिहिलंत ते काही पटलं नाही बुवा.’ मग तिथेच वाद व्हायचा, आणि एस.टी. आली की दोघं एकाच बाकावर बसून जायचे. या पत्रांना एक शिस्त होती. शब्द आपले, खाली नाव आपलं, आणि कुणी जाब विचारला तर द्यायची तयारी आपली. पुढे पाठवण्यात नेमक्या या तिन्ही गोष्टी गळून पडतात.

त्या गळल्या की काय होतं, त्याची एक घरगुती गोष्ट सांगते. नात्यातले दोन सख्खे भाऊ आहेत. (नावं लिहीत नाही, वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना कळतीलच. दोघांनाही विचारून लिहिते आहे. दोघांनीही ‘लिही, त्याला कळू दे एकदा’ असंच सांगितलं!) थोरला निफाड तालुक्यात कांदा पिकवतो. धाकटा बँकेतून निवृत्त होऊन पुण्यात असतो. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ती थेट मे २०२४ मध्ये उघडली. त्या दिवसांत धाकट्याने कुटुंबाच्या ग्रुपवर एक मजकूर पाठवला. शेतकरी कांदा दडवून ठेवतात, आयकर भरत नाहीत, शहरातल्या माणसाला लुटतात, वगैरे वगैरे. थोरल्याने उत्तर म्हणून दुसरा मजकूर टाकला. शहरातले पेन्शनवाले फुकटे, दोन वेळचं खाताना लाज वाटली पाहिजे, वगैरे वगैरे. त्यातलं एकही वाक्य त्या दोघांपैकी कुणाचं नव्हतं. धाकटा भाऊ थोरल्याच्या तोंडावर ‘तू लुटारू आहेस’ असं या जन्मात म्हणाला नसता. थोरल्याने ‘तू फुकटा आहेस’ असं म्हटलं नसतं, कारण धाकट्याला शिकवायला त्यानेच स्वतःची शाळा सोडली होती. पण मजकूर गेला, चाळीस नातेवाइकांनी वाचला, आणि बोलणं बंद झालं. त्या वर्षीची दिवाळी दोन घरांत झाली.

मी थोरल्याला विचारलं, ‘दादा, तुम्ही त्याला एवढंच का नाही लिहिलंत की यंदा बियाणाला, मजुरीला, खताला किती गेले आणि लासलगावला क्विंटलला काय भाव मिळाला?’ तर म्हणाला, ‘ते त्याला काय सांगायचं, त्याला माहीत नाही का?’ आणि धाकट्याला खरोखरच माहीत नव्हतं! चाळीस वर्षं पुण्यात राहिलेल्या माणसाला कांद्याचा खर्च कुठून माहीत असणार? जे सांगण्यासारखं होतं ते एकाजवळ होतं, ज्याला ऐकायची गरज होती तो दुसरा होता, आणि दोघांच्या मध्ये दोन अनोळखी लोकांनी लिहिलेले मजकूर भांडत होते.

हे झालं घरातलं. घराबाहेर याची किंमत माणसांच्या जिवाने मोजली गेली आहे. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाचजण, बहुतेक मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत फिरत तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश त्या भागात काही दिवस फिरत होते. जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि पाचही जणांना मारून टाकलं. त्या वर्षी देशभर अशी माणसं मारली गेली. तेव्हा फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक, मोटारसायकलवरून येऊन पोराला उचलून नेण्याची, ती तर पाकिस्तानातल्या कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जनजागृतीची फीत होती. मूळ फितीत शेवटी मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांसाठी सूचनेचा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापून टाकला आणि बाकीची पाठवली.

मला या प्रकरणात सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट कोणती वाटते, सांगू? ती फीत पुढे पाठवणाऱ्यांतले बहुसंख्य लोक चांगले असणार. आजी-आजोबा, आई-बाबा, शाळेतले शिक्षक. ‘सावध राहा, आपल्या मुलांना जपा’ असं लिहून त्यांनी मायेने पाठवलं असणार. द्वेषाने पाठवलेलं निदान ओळखू तरी येतं, मायेने पाठवलेल्यावर कुणी शंकाच घेत नाही. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० मध्ये खूप फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी, असा नियम सगळीकडे केला. तुमच्या मोबाइलवर एखाद्या मजकुराच्या डोक्यावर दोन बाण दिसतात ना, तो खूप हातांतून आल्याची खूण असते. कितीजण ती बघतात? कायद्याचंही बघा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५३ व्या कलमात समाजात घबराट किंवा वैर पसरवणारा खोटा मजकूर तयार करणाऱ्याबरोबर पसरवणाराही धरलेला आहे. ‘मी कुठे लिहिलं, मी नुसतं पाठवलं’ हे म्हणणं कायद्यालाही पुरत नाही.

हे सगळं वाचून एखादा म्हणेल, मग सरळ ‘ग्रुपवर राजकारण नको’ असा नियम करा की! आमच्या तीन ग्रुपवर तो नियम आहेच. मला तो पटत नाही. एक तर तो नियम पाळला जात नाही. आपल्याला पटणारं असेल तर ती ‘माहिती’ किंवा ‘संस्कृती’, आणि न पटणारं असेल तर ते ‘राजकारण’, अशी सोयीची वाटणी होते. आणि दुसरं म्हणजे राजकारण म्हणजे काय फक्त दिल्ली? नळाला पाणी किती वाजता येतं, हे राजकारणच आहे.

आमच्या नाशिकचंच सांगते. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली. मुंबई-पुण्याचीही त्याच महिन्यात संपली. निवडणुका लांबल्या आणि पुढची तीन वर्षांहून अधिक काळ या शहरांत प्रशासकाचा कारभार होता. एकही नगरसेवक नाही! रस्त्यावरचा दिवा गेला तर सांगायचं कुणाला, हा प्रश्न होता. त्या काळात आमच्या ज्येष्ठांच्या ग्रुपवर युक्रेनचं युद्ध झालं, अमेरिकेची निवडणूक झाली, चारशे वर्षांपूर्वीच्या लढाया पुन्हा लढल्या गेल्या. पण ‘आपल्या शहराला निवडून दिलेला एकही माणूस नाही, हे कसं?’ असा एक संदेश मी वाचल्याचं मला आठवत नाही. कारण उघड आहे. तसा तयार मजकूर कुठून आलाच नव्हता. तयार मजकुरावर जगायची सवय लागली की आपल्या दारातला प्रश्नही बाहेरून कुणी पाठवल्याशिवाय दिसत नाही.

आता याची दुसरी बाजू सांगते, कारण नुसतं रडगाणं गाण्यासाठी मी बसलेली नाही. १६ एप्रिल २०२५ ला राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा शासन निर्णय काढला. जूनमध्ये त्यात बदल करून दुसरा काढला. आणि २९ जूनला दोन्ही मागे घेतल्याचं जाहीर केलं. या अडीच महिन्यांत आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर काय झालं, ते ऐका. पहिले तीन दिवस नेहमीचंच. एका बाजूने हिंदीचा द्वेष करणारे देशद्रोही, दुसऱ्या बाजूने हिंदी आणणारे महाराष्ट्रद्रोही. सगळं बाहेरचं, रंगीत चित्रांसकट. चौथ्या दिवशी सुरगाण्याकडे पंचवीस वर्षं काढलेल्या एका गुरुजींनी स्वतः बोलून टाइप केलेल्या दहा-बारा ओळी टाकल्या. शुद्धलेखन सगळं चुकलेलं. पण मजकूर असा होता की, आमच्याकडे पोर घरात कोकणा बोलतं. त्याला शाळेत येऊन आधी मराठी शिकावी लागते, ती त्याची दुसरी भाषा. २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे, ती तिसरी. आता हिंदी आणली तर ती चौथी. सहा वर्षांचं पोर आणि चार भाषा. पहिले चार महिने तर ते माझ्याशी बोलतच नसे, नुसतं बघत राही.

ग्रुप एकदम गप्प झाला. मग एकेकाने लिहायला सुरुवात केली. मालेगावकडे नोकरी केलेल्या बाईंनी लिहिलं की माझ्या वर्गातल्या उर्दू बोलणाऱ्या मुलींना हिंदी ऐकून फार लवकर कळे, त्यांचं मराठीच मागे पडे. एकाने लिहिलं, मला हिंदी आवडते, मुलांना गाणी शिकवायला काय हरकत आहे, पण परीक्षा नको. एकीने विचारलं, शिकवणार कोण? एकशिक्षकी शाळेत त्याच मास्तरने चौथी भाषाही शिकवायची का? मतं सगळ्यांची एक नव्हती, शेवटपर्यंत झाली नाहीत. पण कुणी कुणाला द्रोही म्हटलं नाही. म्हणणार कसं? समोर पंचवीस वर्षांचा अनुभव होता, आणि खाली ओळखीचं नाव होतं.

माझं सगळं म्हणणं या एका उदाहरणात आलं. आमच्या पिढीकडे जे आहे ते तयार मजकूर लिहिणाऱ्या कुणाकडेही नाही. आम्ही गोष्टी डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळणारा लाल मिलो खाल्लेला आहे, दुष्काळी कामावरच्या बायकांच्या हातांना पडलेले घट्टे पाहिलेले आहेत. आणीबाणीत वर्तमानपत्रं कशी मुकी झाली होती, आणि रेल्वे वेळेवर येते म्हणून खूश असलेली माणसं कोण होती, हे पाहिलेलं आहे. त्याच १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या, ती बातमी दबक्या आवाजात आमच्यापर्यंत कशी आली, ते आठवतं. या गोष्टींबद्दल आज आमची नातवंडं कुणा अनोळखी माणसाने बनवलेल्या दीड मिनिटाच्या फिती बघतात, आणि आम्ही, साक्षीदार, त्याच फिती त्यांना पाठवतो! साक्षीदाराने स्वतःची साक्ष द्यायची सोडून बाहेरच्या गर्दीतली कुजबूज कोर्टात सांगावी, तसं आहे हे.

मला कल्पना आहे, नावानिशी बोलायला भीती वाटते. ती खोटी नाही. २०१२ च्या नोव्हेंबरात फेसबुकवरच्या दोन ओळींसाठी पालघरमध्ये दोन मुलींना अटक झाली होती. ज्या ६६-अ कलमाखाली असं करता येई ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं, पण शिवीगाळ करणाऱ्यांच्या झुंडी काही कुठल्या कलमाने रद्द होत नाहीत. मुलगा सरकारी नोकरीत आहे, जावई अमुक कंपनीत आहे, उगाच कशाला, असं वाटतंच. अशा वेळी गप्प राहावं, त्यात कमीपणा काहीच नाही. गप्प राहणं प्रामाणिक असतं. पण स्वतः गप्प राहून दुसऱ्याच्या निनावी शब्दांनी तिसऱ्याला टोचणं, याला धैर्यही म्हणता येत नाही आणि सावधपणाही म्हणता येत नाही.

मग करायचं काय? मी माझ्यापुरते चार नियम केले आहेत. तुम्हाला पटले तर घ्या.

एक, राजकारणाचं किंवा धर्माचं काहीही जसंच्या तसं पुढे पाठवायचं नाही. पटलं असेल तर ते मिटवून ठेवायचं आणि आपल्या चार वाक्यांत लिहायचं. लिहिता आलं नाही तर आपल्याला ते नीट समजलेलं नाही, एवढं नक्की. मुलांना धडा बंद करून उत्तर लिहायला का लावत होतो आपण? टाइप होत नसेल तर मोबाइलच्या कीबोर्डवर माइकची खूण असते, ती दाबून बोलायचं. मराठी चांगलं उमटतं.

दोन, लिहिताना ‘मी पाहिलं’, ‘मी ऐकलं’ आणि ‘मला वाटतं’ या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहायच्या.

तीन, मजकुरात तारीख, गाव आणि कुठे छापून आलं हे नसेल तर तो मजकूर म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. आणि खाली पु. ल. देशपांडे, अब्दुल कलाम किंवा नाना पाटेकर यांचं नाव असेल तर दुप्पट संशय घ्यायचा! पु. ल. २००० साली गेले, पण त्यांच्या नावावर अजून नवनवीन लेखन येतच असतं. हल्ली तर यंत्राकडून हुबेहूब आवाज आणि चेहराही बनवता येतो. तिथे तरुणांचे डोळेही फसतात, आपलं काय घेऊन बसलात.

चार, ज्याच्याबद्दल लिहितो आहोत तो माणूस, त्या जातीचा, त्या धर्माचा, त्या धंद्याचा, समोर खुर्चीत बसला आहे असं समजायचं. त्याच्या तोंडावर जे बोलवणार नाही ते ग्रुपवरही लिहायचं नाही.

आता तरुण मंडळींना एक विनंती. काका-मावशींनी काही खोटं पाठवलं तर चाळीस जणांच्या ग्रुपवर ते खोटं असल्याची लिंक आणि शेजारी हसणारा चेहरा टाकू नका. चुकलेल्या मुलाला मी कधीही सगळ्या वर्गासमोर फळ्यापाशी उभं केलं नाही, कारण तसं केलं की मूल उत्तर सुधारत नाही, आपलंच कसं बरोबर होतं ते शोधत बसतं. म्हातारं माणूसही तेच करतं. फोन करा. ‘मावशी, हे कुठून आलं गं तुला?’ असं विचारा. तो फोन आला म्हणूनच अर्धं काम होईल. आणि ग्रुप सोडून जाऊ नका. तुम्ही गेलात की मागे एकाच मताची माणसं उरतात, आणि मग कुणी कुणाला अडवत नाही. जाण्यापेक्षा विचारा आम्हाला काहीतरी. दुष्काळाचं विचारा, आणीबाणीचं विचारा, तुमच्या आजीला मत द्यायला कोण घेऊन जायचं ते विचारा. ज्याला प्रश्न विचारला जातो तो माणूस उसनी उत्तरं वाटत फिरत नाही.

त्या दोन भावांचं पुढे काय झालं, असं विचाराल. अजून बोलत नाहीत. पण यंदा थोरल्याने वहीतला कांद्याचा जमाखर्च मला फोनवर वाचून दाखवला आणि म्हणाला, ‘हे टाकू का ग्रुपवर?’ मी म्हटलं, ‘ग्रुपवर नको. त्याला एकट्याला पाठवा, आणि खाली तुमचं नाव लिहा.’ अजून पाठवलेला नाही. बघू.

जाता जाता एवढंच. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ च्या पुढच्या मतदारांना घरबसल्या मत देण्याची सोय होती. ज्यांना केंद्रावर जाता येत नव्हतं त्यांच्या दारात कर्मचारी मतपत्रिका घेऊन गेले. एका म्हाताऱ्या माणसाच्या एका मतासाठी शासन एवढा खटाटोप करतं. मराठीत निवडणुकीतल्या मतालाही मत म्हणतात आणि डोक्यातल्या मतालाही मतच म्हणतात. निवडणुकीतलं मत आपण दुसऱ्याचं उचलून पेटीत टाकत नाही, आणि आपलं दुसऱ्याला टाकू देत नाही. ग्रुपवर लिहिताना तेवढंच करायचं आहे.